ही चिलीम बाईचीच आहे

पत्र :

सप्रेम नमस्कार. कोकणातल्या एका माध्यमिक शाळेत बत्तीस वर्षं शिकवून यंदा मेअखेर मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. निरोप समारंभात शाली, श्रीफळं, विठ्ठलाच्या दोन मूर्ती, भिंतीवरचं घड्याळ अशा भेटी आल्या. आठ-दहा दिवसांनी मुंबईहून कुरियरने एक लांबट खोकं आलं. पाठवणारा माझा जुना विद्यार्थी. तो व्यापारी जहाजावर इंजिनीअर आहे. खोक्यात वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला एक लाकडी पाइप निघाला. सोबत चिठ्ठी : "बाई, हे तुमच्यासाठीच आहे. का ते दिवाळीत आलो की सांगतो." त्यानंतर तो पुन्हा जहाजावर गेला, आता निरोपाला उत्तर येत नाही.

पाइप फूटपट्टीने मोजला. लांबी एक फूट अकरा इंच. लाकूड काळपट तपकिरी आणि जड. तंबाखू भरायची वाटी उभी, वर जराशी रुंदावलेली, आतून पत्रा बसवलेला. वाटीच्या तळाला खालच्या बाजूने एक लहानसं बोंड आहे, त्याचा उपयोग कळत नाही. वाटीवर करड्या धातूच्या बारीक रेघा लाकडात बसवल्या आहेत. दांडीच्या मध्यावर पांढऱ्या आणि फिकट निळ्या मण्यांचं विणकाम. तोंडात धरायचा तुकडा वेगळा निघतो. झाकण नाही, साखळी नाही, नाव किंवा शिक्का कुठेच नाही.

माझे दीर म्हणतात, जर्मन शिकाऱ्याचा पाइप आहे. शेजारचे निवृत्त सुभेदार म्हणतात, नागालँडचा. सासूबाई (वय ८८) म्हणतात, बाईमाणसाला कोणी चिलीम देतं का, परत पाठव. मला लागलं ते वेगळ्याच कारणाने. शाळेच्या फाटकासमोरची गुटख्याची टपरी हलवायला मी दोन वर्षं पायऱ्या झिजवल्या होत्या. हा मुलगा नववीत असताना त्याच्या दप्तरात पुड्या सापडल्या, तेव्हा मी त्याच्या वडिलांना शाळेत बोलावलं होतं. ते मनात धरून त्याने थट्टा केली असेल का? ही वस्तू नक्की काय आहे? आणि मी तिचं करू काय?

— एक निवृत्त मुख्याध्यापिका

उत्तर :

नमस्कार बाई,

आधी उत्तर देतो, कारणं मग सांगतो. तुमच्या घरी आलाय तो दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतातल्या खोसा लोकांचा पाइप आहे. त्यांच्या भाषेत त्याला 'इन्कावे' म्हणतात. आणि इतक्या लांब दांडीचा पाइप तिथे बायका ओढतात. त्यातही जाणत्या बायका : ज्यांची मुलं हाताशी आली, सुना घरात आल्या, वाडीत ज्यांचा शब्द चालतो अशा. सासूबाईंनी विचारलं ना, बाईमाणसाला कोणी चिलीम देतं का? तिथे बाईमाणसाकडेच असते ती.

तुमच्या विद्यार्थ्याच्या मनात काय होतं ते त्यालाच ठाऊक. पण थट्टाच करायची असती तर मुंबईत थोड्या पैशांत मातीची चिलीम मिळते. दोन फुटांची लाकडी वस्तू दक्षिण आफ्रिकेच्या बंदरातून घ्यायची, जहाजावरच्या खोलीत सांभाळायची, मणी तुटू न देता घरी आणायची, एवढा खटाटोप थट्टेसाठी कोणी करत नाही. हे माझं मत झालं. आता वस्तू काय बोलते ते बघू.

तुम्ही सात फोटो पाठवलेत. सहा पाइपचे आणि सातवा खोक्यातून निघालेल्या सगळ्या पसाऱ्याचा. तुम्ही बहुधा तो सहज काढला असेल, पण मी सगळ्यांत जास्त वेळ त्याच्यावरच घालवला. त्यात वर्तमानपत्राचा एक चुरगळलेला तुकडा आहे. लिपी रोमन, भाषा मात्र इंग्रजी नाही. आणि त्यातल्या दोन-तीन शब्दांची गंमत अशी की शब्द लहान अक्षराने सुरू होतो आणि मध्येच एक मोठं अक्षर येतं. ही छपाईची चूक नव्हे. आपण गावाच्या नावाला मागून प्रत्यय लावतो, रत्नागिरीत, रत्नागिरीहून. खोसा आणि झुलू भाषांत प्रत्यय पुढून लागतो. केपटाऊनला खोसात 'इकापा' म्हणतात आणि 'केपटाऊनमध्ये' म्हणायचं झालं की 'एकापा'. पुढचा प्रत्यय लहान अक्षरात, मूळ नावाचं पहिलं अक्षर मोठंच राहतं. म्हणून शब्दाच्या पोटात मोठं अक्षर. कागद कुठलाही कशालाही गुंडाळता येतो, त्यामुळे एवढ्यावर निकाल देता येत नाही. पण कुठल्या दिशेला बघायचं ते कळलं.

तिथून पुढे पाइपनेच वाट दाखवली. झुलू आणि खोसा हे भाषेने जवळचे. तंबाखूच्या बाबतीत मात्र त्यांची आवड बरीच वेगळी होती. उत्तरेकडच्या झुलूंमध्ये मान होता तपकिरीला. तपकिरीच्या लहान भोपळ्याच्या डब्या आणि केसांत खोवायचे हाडाचे चमचे त्यांच्याकडे फार सुंदर मिळतात. पाइपची हौस दक्षिणेकडच्या खोसा, थेंबू, म्पोंडो अशा लोकांना. थेंबू म्हणजे नेल्सन मंडेलांचं कूळ. ते १९१८ मध्ये म्वेझो गावात जन्मले आणि कुनूला वाढले, तोच हा मुलूख.

आता वाटी बघा. आत पत्रा आहे, आणि पत्र्याची कड वर येऊन लाकडाच्या ओठावर बारीक वळवली आहे. तुमचा तिसरा फोटो मोठा करून पाहिला तर तिथे हातोडीचे लहान-लहान ठोके दिसतात. लाकडात निखारा ठेवायचा तर लाकूड जळणारच. युरोपात यावर उपाय म्हणून सहजासहजी न जळणारं लाकूड शोधलं गेलं. भूमध्य समुद्राकाठच्या ब्रायर नावाच्या झुडपाची मुळाशी येणारी गाठ. म्हणून आजचे इंग्रजी वळणाचे पाइप आतून उघडे लाकडी असतात. खोसा कारागिराने आपलंच लाकूड ठेवलं आणि आतून पत्रा मढवला. लाकूड बहुधा 'उम्न्कूमा' असावं, म्हणजे तिकडचा रानटी ऑलिव्ह. फार घट्ट आणि वजनदार लाकूड. तुम्ही 'जड' असं लिहिलंत म्हणून हे नाव आठवलं.

वाटीवरच्या करड्या रेघा शिशाच्या असाव्यात. लाकडात आधी खोबणी कोरायची, मग शिसं वितळवून त्यात ओतायचं आणि गार झालं की घासून लाकडाशी सपाट करायचं. आपल्याकडे बिदरीच्या कामात धातूत चांदी बसवतात, इथे लाकडात शिसं. तुमच्या पाइपवर एका ठिकाणी रेघ खोबणीबाहेर किंचित सांडली आहे. यंत्राने केलेल्या कामात असं सांडत नाही. कुणीतरी मांडी घालून, वितळलेलं शिसं हाताने ओतलं आहे.

वाटीखालच्या बोंडाचं कोडं सोपं आहे. सतराव्या शतकात डच लोक ओढायचे त्या मातीच्या पाइपनाही तळाला असं बोंड असायचं. पाइप खाली टेकवला की तापलेली वाटी जमिनीला लागू नये. यान व्हान रीबेक १६५२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचं ठाणं बसवायला केपला उतरला, तेव्हापासून तंबाखू हा तिथल्या देवघेवीतला मोठा माल. कंपनी तंबाखू द्यायची आणि तिथल्या गुरं पाळणाऱ्या खोईखोई लोकांकडून गुरं घ्यायची. मातीचे पाइपही त्याच वाटेने आत गेले असणार. मला तरी तुमच्या पाइपच्या बोंडात ती जुनी ओळख दिसते.

मणी काचेचे आहेत का ते घरच्या घरी बघता येईल. गालाला लावून बघा, काच गार लागते, प्लॅस्टिक लागत नाही. सुई तापवून टोचून बघायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, मणी कायमचा खराब होतो. काचेचे मणी खोसा लोक स्वतः बनवत नसत. ते व्हेनिस आणि बोहेमियातून यायचे. १८२४ मध्ये ब्रिटिशांनी फोर्ट विल्शर या सरहद्दीवरच्या ठाण्यावर बाजार भरवायला सुरुवात केली. तिथे मणी आणि बटणं देऊन हस्तिदंत आणि कातडी घेतली जायची. परका माल आला, पण त्याची बोली खोसा बायकांनी स्वतःची घडवली. कुठला रंग कुणी घालायचा, कुठल्या वयात काय शोभतं, सगळं ठरत गेलं. पांढरा रंग पूर्वजांचा आणि देवरुष्यांचा. पांढरा आणि फिकट निळा ही जोडी विशेषतः म्पोंडोंकडे दिसते. मणी पाइपबरोबर विणलेले की मागाहून चढवलेले हे हातात घेऊनच सांगता येईल, म्हणून 'म्पोंडो' असं ठाम लिहून ठेवू नका. 'खोसा, ईस्टर्न केप' एवढं बिनधास्त लिहा.

दिरांचा आणि सुभेदारांचा अंदाज मी उडवून लावणार नाही, दोघांनीही काहीतरी पाहिलेलं आहे. जर्मन आणि ऑस्ट्रियन शिकाऱ्यांचे पाइप असेच लांब असतात. पण त्यांची वाटी बहुतेक चिनी मातीची, वर हरणाचं किंवा कुत्र्याचं चित्र, धातूचं झाकण, खाली शिंगाचा तुकडा, आणि सगळं एकत्र राहावं म्हणून गोंडेदार दोरी. तुमच्याकडे यातलं काही नाही. चुबूक नावाच्या तुर्की पाइपची दांडीही लांब असते, पण वाटी भाजलेल्या मातीची. ईशान्य भारताबद्दल सुभेदारसाहेबांना मुद्दाम सांगा की ते बरेच जवळ आले होते. मिझोरममध्येही बायकांचा स्वतंत्र पाइप असायचा. त्याच्या खाली पाण्याची कुपी असते, धूर त्या पाण्यातून जातो आणि ते पाणी नंतर तोंडात धरून ठेवतात. त्याला 'तुइबुर' म्हणतात. तुमच्या पाइपला अशी कुपी नाही आणि ती बसवायची जागाही नाही.

आता लांबीविषयी. पुरुषांचा पाइप आखूड, बायकांचा लांब. असं का, याचं एक कारण तिकडे नेहमी सांगितलं जातं, ते मला फार आवडतं. मांडीवर बाळ पाजत असताना पेटलेल्या तंबाखूची राख त्याच्या तोंडावर पडू नये म्हणून. दुसरं कारण साधं आहे, लांब नळीतून येईपर्यंत धूर निवतो. पण लांबी नुसती सोयीची राहिली नाही, तिला मान आला. ईस्टर्न केपच्या जुन्या छायाचित्रांत डोक्याला मोठा रुमाल बांधलेली, भिंतीला टेकून पाय पसरून बसलेली वयस्क बाई दिसते, आणि तिच्या हातात असा हातभर पाइप. खांद्याला मण्यांच्या झालरीची तंबाखूची पिशवी. त्या पिशवीला आपल्याकडे चंची म्हणतील. सुनेने सासूसमोर असा पाइप घेऊन बसायचं नसतं. तो मान वयाने येतो.

या वस्तूचं नाव घरच्यांना सांगताना एक गंमत करा. खोसा भाषेत टिचकीसारखे आवाज आहेत. देवनागरीत ते लिहायची सोय नाही, पण तोंडातून काढता सगळ्यांना येतात. 'इन्कावे'मधला 'क' हा जीभ टाळूला चिकटवून सोडल्यावर येणारा टॉक्‌ असा आवाज आहे. घोड्याच्या टापा काढून दाखवताना लहान मुलं काढतात तो. 'खोसा' या नावातला पहिला आवाज गालाच्या बाजूने येतो, घोड्याला किंवा बैलाला चुचकारून पुढे हाकताना काढतो तसा. आणि तंबाखूला ते म्हणतात 'इचूबा'. त्यातला 'च' म्हणजे कुणाचं वाईट झालं की आपण 'च्च च्च' करतो, अगदी तोच. ऐंशी लाखांहून जास्त माणसांच्या मातृभाषेत हळहळीचा हा आवाज नुसतं एक व्यंजन आहे. बत्तीस वर्षं वर्गात उभं राहिलेल्या बाईंना हे आवडेल असं वाटलं, म्हणून लिहिलं.

पण तुमच्या पाचव्या फोटोविषयी बोलायचं राहिलं, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी गोष्ट तीच आहे. तोंडात धरायच्या तुकड्याचा तो जवळून काढलेला फोटो. टोकापासून अर्ध्या बोटावर, वरच्या बाजूला दोन आणि खालच्या बाजूला एक, अशा बारीक खाचा आहेत. लाकूड तिथे जास्त काळं आणि गुळगुळीत आहे. ते दातांचे वण आहेत. मधल्या मण्यांच्या अलीकडे दांडीचा रंगही बदलला आहे, तिथे रोज हात धरला गेला. पाहुण्यांना विकायला केलेल्या पाइपला असं काही नसतं. त्याचं लाकूड वॉर्निशने सगळीकडे सारखं चकाकतं आणि वाटीच्या आत पत्रा कोरा असतो. तुमच्या वाटीत काजळी आहे. म्हणजे हा पाइप कुणीतरी बरीच वर्षं ओढला. खालच्या एकाच खाचेवरून मला वाटतं तिचा खालचा एक दात पडलेला असावा. हा माझा तर्क आहे, पण मी तो फोटो पुन्हा पुन्हा उघडून पाहिला.

तुमचा खरा सल तंबाखूचा आहे हे मला कळतं. तुम्ही टपरी हलवलीत हे फार मोलाचं काम केलंत. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी करणारा कायदा २००३ चा आहे आणि राज्यात गुटखाबंदी आली जुलै २०१२ मध्ये, पण कागदावरचा कायदा फाटकापर्यंत आणायला तुमच्यासारखं कुणीतरी लागतं. त्यात काडीचाही बदल करायची गरज नाही. तंबाखू तेव्हाही विषच होता, खोसा आजीच्या पाइपमध्येही विषच होता. वस्तू घरात ठेवणं म्हणजे त्याची भलावण नव्हे. पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्त्यांची काय सुंदर रांग आहे! ते बघून कुणी सुपारी खायला लागत नाही. माणसं रोज काय हाताळायची आणि त्या रोजच्या वस्तूवर किती जीव लावायची, ते बघायला आपण जातो.

सासूबाईंशी बोलताना मात्र मिश्रीची आठवण काढा. त्यांच्या वयाच्या किती बायकांच्या दातांना सकाळी उठल्या उठल्या भाजलेल्या तंबाखूची मिश्री लागायची! घरातली म्हातारी मिश्रीची डबी कमरेला लावून हिंडायची, तपकीर ओढायची, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नसे. धूर बाईच्या नाकातोंडातून आला की मात्र वाईट, हे आपलं ठरवणं. खोसांनी वेगळं ठरवलं. आणि तंबाखू त्यांच्याकडे काय, आपल्याकडे काय, दोन्हीकडे अमेरिकेतून आलेला पाहुणाच. आपल्या दख्खनमध्ये तो पोर्तुगीजांमुळे पोचला. १६०४ च्या सुमारास अकबराचा दूत असद बेग विजापूरला आला, तेव्हा त्याने तो इथेच पहिल्यांदा पाहिला. परत जाताना बादशहासाठी त्याने जो नजराणा नेला त्यात तंबाखू होता आणि रत्नं जडवलेला तीन हात लांब नळीचा पाइपही होता. अकबराने दोन-चार झुरके घेतले आणि हकिमाने त्याला थांबवलं. म्हणजे न मागितलेला लांब पाइप भेट येणं आणि त्यावरून घरात मतभेद होणं, हे चारशे वर्षांपासून चालू आहे.

आता तिचं काय करायचं ते. घासू नका. पितांबरी नको, चिंच नको, लिंबू नको, राख नको. मी विशीत असताना आजीचा पितळी पानाचा डबा चिंच-मीठ लावून लखलखीत केला होता. झाकणावर, चाळीस वर्षं अंगठा टेकून पडलेली एक काळी चंद्रकोर होती. ती गेली. आजी काही बोलली नाही, तिने डबा उलटसुलट करून पाहिला आणि ठेवून दिला. तो आता माझ्याकडे आहे, आणि कुणाचाही असू शकेल असा दिसतो. तुमच्या पाइपवरचा मळ हा मळ नाही. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, बस. तेल तर मुळीच लावू नका. लाकडाला बरं वाटेल अशी आपली समजूत असते, पण तेल मण्यांच्या दोऱ्यात उतरतं, दोरा कुजतो आणि एक दिवस सगळे मणी जमिनीवर येतात.

शिसं असल्यामुळे दोन गोष्टी पाळा. हाताळून झाला की हात साबणाने धुवा. आणि नातवंडं येतील तेव्हा तो त्यांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा, मुलं पाइप दिसला की आधी तोंडात घालतात. मोठ्यांनीही गमतीने तोंडाला लावून फोटो काढू नयेत.

तुमच्याकडचा पाऊस हा त्याचा मोठा शत्रू. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, ती भिंत आषाढात घामेजते. धुतलेल्या मांजरपाटाच्या कपड्यात सैल गुंडाळून, आडवा, दोन ठिकाणी कापडाच्या वळकटीचा टेकू देऊन ठेवा. मण्यांवर भार येऊ देऊ नका. बुटांच्या खोक्यात येतात त्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या शेजारी ठेवल्या तर चांगलं. डांबरगोळ्या नकोत. तोंडाचा तुकडा पावसाळ्यात काढायचा प्रयत्न करू नका, लाकूड फुगलेलं असतं आणि जोर लावला की चिरतं. पाइपखाली पिठासारखा बारीक भुसा पडलेला दिसला तर लाकडात किडा आहे असं समजा, तो प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि जाणकाराला दाखवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचं केंद्र आहे, तिथे विचारता येईल. घरी औषध फवारू नका.

किंमत तुम्ही विचारली नाहीत. घरात कुणीतरी विचारेलच, म्हणून सांगतो. असे पाइप परदेशात विकले जातात, आणि वापरलेल्याला नव्यापेक्षा जास्त दाम मिळतो. पण कुणाचा होता हे माहीत नसलेल्या वस्तूचा आणि ते माहीत असलेल्या वस्तूचा भाव वेगळा असतो. विकायचा विचार असला तरी आधी ती माहिती मिळवा. नसला तर जास्तच मिळवा.

ती माहिती एकाच माणसाकडे आहे. दिवाळीत तो आला की पुड्यांचा आणि वडिलांना बोलावल्याचा विषय तुम्ही काढू नका. तो काढायचा असेल तर तोच काढेल, आणि मला वाटतं काढेल. तुम्ही त्याला बंदर विचारा, डर्बन की ईस्ट लंडन. दुकानातून घेतला की कुणाच्या घरातून. विकणाऱ्याने ही कुणाची म्हणून सांगितली, आईची, आजीची, कुठल्या गावची. तिचं नाव सांगितलं असेल तर ते त्याच्याच हाताने कागदावर लिहून घ्या, त्याला ऐकू आलं तसं, चुकीचं असलं तरी. पेनने नको, पेन्सिलने, पेनची शाई फुटते. तो कागद आणि वर्तमानपत्राचा तो तुकडा पाइपसोबतच ठेवा. त्याची चिठ्ठीही.

तो तुकडा तुम्ही फेकला नसेल अशी आशा आहे. फेकला असला तरी तुमच्या सातव्या फोटोत तो आहे.

आणि त्याने काय सांगितलं ते मला नक्की कळवा. मी वाट बघतोय.